लग्नाचा शालू उभं राहून निवडू नका

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवण्याचं काम चालतं. १९९९ साली एका पायमशीनवर सुरुवात केली, आता तीन मशिनी आहेत आणि हाताखाली दोन बायका. तुळशीचं लग्न लागलं की नवरीची कामं यायला लागतात. बस्ता बांधून झालेला असतो. मुलगी आईबरोबर येते, पिशवीतून शालू काढते आणि आई फोनवर बोलायला बाहेर गेली की हळूच विचारते, "मावशी, हे मला बरं दिसेल ना?" माझं मन तुटतं, कारण हा प्रश्न साडी घेण्याआधी विचारायचा असतो आणि तेव्हा तिच्याभोवती दहा माणसं बोलत असतात. त्या मुलींसाठी हे लिहितेय.

कापडपेठेत बस्ता बांधताना काय होतं ते आठवा. दुकानदार पदर खांद्यावर टाकतो, दोन निऱ्या पुढे खोचल्यासारख्या धरतो, मुलगी आरशापुढे ताठ उभी राहते, मोबाइलवर फोटो निघतो आणि साडी ठरते. आता लग्नाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून पाटावर मांडी घालून बसायचं. हार घालताना दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे. सप्तपदीला चालायचं, होमापाशी वाकायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं, तेही शंभरदा. ताठ उभं राहणं होतं ते शेवटी स्टेजवर. म्हणून पहिली गोष्ट ही करा: साडी अंगावर असतानाच दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसा. पाच मिनिटं बसा. समोरून आणि बाजूनं फोटो काढायला सांगा. कडक विणीची, जाड जरीची साडी बसल्यावर पोटापुढे डफासारखी फुगते. मऊ रेशीम मांडीत पडतं. उभं असताना दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात, फरक कळतो तो बसल्यावरच.

दुसरं, चप्पल काढून उभ्या राहा. मांडवात पायात काही नसतं. टाचांच्या सँडलवर साडीची उंची ठरवली की विधींच्या वेळी दोन-तीन इंच साडी जमिनीवर लोळते, पायात येते आणि मुलगी दिवसभर एका हातानं निऱ्या उचलून फिरते. टाचांचं काय ते रिसेप्शनच्या साडीला ठरवा.

शरीराला फळांची नावं देऊन सल्ले देतात, कुणी सफरचंद, कुणी पेरू. मला ती पद्धत पटत नाही. एकाच मुलीचे खांदे रुंद असतात, कंबर बारीक असते आणि दंड भरलेले असतात, तिला कुठल्या फळात बसवायचं? मी चार गोष्टी बघते: अनवाणी उंची किती, रुंदी कुठे आहे (खांद्यात, छातीत, पोटात की सीटमध्ये, म्हणजे नितंबांत), दंडाचा घेर किती आणि खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर किती. एवढं कळलं की साडी आणि ब्लाउज दोन्ही ठरवता येतात.

काठ आणि उंची

उंची पाच फुटांच्या आत असेल तर काठ तीन इंचांच्या आसपास ठेवा. आठ-दहा इंचांचा काठ पायापासून निम्म्या पोटरीच्या वर येतो आणि माणूस तिथेच अर्ध्यात कापल्यासारखा दिसतो. अंगभर बारीक बुट्टी चालते, मोठे कोयरे आणि मोठे मोर नकोत. ब्लाउज साडीच्याच रंगाचा किंवा एक छटा गडद असावा. हिरव्या साडीवर लाल ब्लाउज आला की वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा दिसतो, उंची आणखी कमी वाटते. उंच मुलीला हेच सगळं उलट करता येतं: रुंद काठ, विरुद्ध रंगाचा ब्लाउज, मोठा पदर. पैठणीत मुनिया काठ, नारळी काठ असे प्रकार असतात. नाव कुठलंही असो, रुंदी टेपनं मोजा. दुकानदार "बारीक काठ" म्हणतो तो पाच इंच निघतो हे मी कितीदा पाहिलंय.

यावरून एक मुलगी आठवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा कितीतरी घरांतल्या ट्रंका पाण्यात गेल्या. त्याच्या पुढच्या सीझनला ती तिच्या आईचा शालू घेऊन आली. खालच्या घड्या डागाळलेल्या, मधलं रेशीम विरलेलं, काठाचा थोडा भाग आणि पदर मात्र शाबूत. मुलीची उंची ४ फूट ११ इंच. मूळ शालू धड असता तरी तो सहा इंची काठ तिला जड झाला असता. आम्ही चांगला काठ निवडून त्याची दोन इंचांची पट्टी काढली, तिला आतून मलमलचा आधार दिला आणि साध्या नव्या रेशमी साडीला लावली. पदरातली एक वेल ब्लाउजच्या पाठीवर घेतली. तिची आई ट्रायलला आली आणि त्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. आईचा शालू नेसायची इच्छा असेल तर आधी घडीची रेघ दोन्ही हातांनी हलकी ताणून बघा. जुनं रेशीम घडीवरच फाटतं. तिथे धागे सरकले तर अख्खी साडी नेसू नका, असा काठ-पदर वापरा.

सीट भरलेली असेल तर

हे जरा सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे साधारण २१६ इंच. त्यातला एक वेढा सीटच्या मापाएवढा जातो, पदराकडे जाणारा दुसरा वेढा साधारण तेवढाच आणि पदराला सुमारे ९० इंच लागतात. उरेल त्याच्या निऱ्या. एक निरी पाच इंच रुंद धरली तर तिला दहा इंच कापड लागतं. सीट ३६ इंच असेल तर उरतात ५४ इंच, म्हणजे पाच निऱ्या. सीट ४६ असेल तर उरतात ३४ इंच, म्हणजे जेमतेम तीन. तीन निऱ्यांची साडी अंगाला घट्ट बसते, चालताना पाय अडकतो आणि सीट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. मुलीला वाटतं आपल्या अंगात खोट आहे. खोट नाही, कापड कमी पडलंय.

उपाय सोपा आहे. साडीला जोडून आलेला ब्लाउज पीस कापू नका. तो ८० सेंटीमीटर, म्हणजे ३१ इंच असतो, तो आतल्या टोकाला राहू द्या. आणखी तीन निऱ्या मिळतात आणि साडी मोकळी पडते. ब्लाउज वेगळ्या कापडाचा करा. बागलकोटकडचा हातमागाचा खण किंवा साधं रॉ सिल्क सुरेख दिसतं. मात्र हे साडी फॉल-पिकोला देण्याआधी ठरवायला हवं. दुकानदार सवयीनं पीस कापून देतो, त्याला बिल करतानाच सांगा.

निऱ्या एकावर एक ठासून पिन करू नका. वर कंबरेला नीट धरा आणि खाली पंख्यासारख्या सुटू द्या. जाड टिश्यू, चमकणारं सॅटिन टाळा. चकचकीत कापड उजेडात प्रत्येक उंचवटा दाखवतं आणि व्हिडिओवाल्याचे दिवे तर अगदी तोंडावर असतात.

पोट असेल तर परकराकडे बघा. नाडीची गाठ पुढे बांधली की तिच्यावर निऱ्यांचा गठ्ठा येतो. गाठ डाव्या बाजूला घ्या आणि वर रुंद सपाट पट्टी असलेला परकर शिवून घ्या. तो मासोळीसारखा घट्ट शेपवेअर परकर हल्ली सगळ्यांना हवा असतो. रिसेप्शनला उभं राहायचं असेल तर घाला, माझी ना नाही. पण विधींना नको. त्यात मांडी घालता येत नाही, दोन तासांनी पाय बधिर होतात, बाथरूमला जाणंही अवघड होतं. साडी बेंबीवर किंवा तिच्या किंचित वर नेसा. खाली नेसली की पोट परकराच्या वरून बाहेर येतं.

बारीक अंगाच्या मुलींना कुणी सल्ला देत नाही, "तुला काय, काहीही शोभेल" म्हणून सोडून देतात. पण शिफॉनसारखं लेचंपेचं कापड त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसतं. तुम्ही पैठणी, बनारसी, ऑर्गन्झा अशी अंग धरणारी साडी घ्या. बाहीला थोडा फुगा द्या. पदर एकेरी, मोकळा सोडा.

ब्लाउजवर वेळ घालवा

साडी थोडी चुकली तरी चांगला ब्लाउज ती सावरतो, ब्लाउज चुकला तर लाखाची पैठणीही उपयोगाची नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात ज्यांनी ब्लाउज शिवला त्यांनी मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, इतका आवळला होता की हार घालताना माझा हात खांद्याच्या वर जाईना. फोटोत मी ओठ दाबून उभी आहे आणि हार ह्यांच्या कानाला अडकलाय. तो फोटो बघितला की आजही काखेत काचल्यासारखं वाटतं.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज आहे. हात मोकळा हलावा म्हणून बायका सांगतात, "मुंढा खाली घ्या, खोल करा." होतं उलटंच. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जातो आणि खालून पट्टी छातीवर चढते. मुंढा काखेच्या जवळ, वरच हवा, फक्त घेर पुरेसा हवा आणि बाहीचा माथा नीट उतरवलेला हवा. ट्रायलला दोन्ही हात वर करून टाळी वाजवा. खालची पट्टी जागेवर राहिली तर मुंढा बरोबर आहे.

छाती भरलेली असेल तर प्रिन्सेस कट किंवा कटोरी. शिवण बरोबर पॉइंटवरून, म्हणजे छातीच्या सगळ्यात पुढे येणाऱ्या टोकावरून गेली पाहिजे, त्यासाठी खांद्यापासून पॉइंटपर्यंत आणि दोन पॉइंटमधलं अशी दोन्ही मापं द्या. लग्नाच्या दिवशी जी ब्रा घालणार तीच घालून माप द्या. रोजची सैल ब्रा घालून माप दिलं आणि लग्नाला नवी घातली तर पॉइंट इंचभर हलतो. गळा पुढून बंद ठेवू नका, बंद गळ्यानं छाती एकसंध, रुंद दिसते. पानाचा किंवा थोडा टोकदार गळा घ्या. छाती लहान असेल तर आत पातळ कप बसवून घ्या आणि पुढे थोडं काम असू द्या.

खांदे रुंद असतील तर बोटनेक नको, फुग्याच्या बाह्या नकोत. खांदे अरुंद किंवा उतरते असतील तर हेच दोन्ही तुमच्यासाठी आहे. पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे खोल मागू नका. खांद्याला धरायला काही उरत नाही, ब्लाउज दिवसभर घसरतो. मागे खोल हवा असेल तर पुढे कमी आणि मागे नाडी. नाडी शोभेची नसते, ती खांदे जागेवर धरते.

दंड भरलेले असतील तर बाही कोपराच्या जरा वर किंवा कोपराखाली संपवा, दंडाच्या सगळ्यात जाड जागी तर कधीच संपवू नका. काठाची जरीची पट्टी जिथे येते तिथे बघणाऱ्याची नजर जाते. दंडाचं माप हात दुमडून, मूठ आवळून द्या, कारण मुलगी दिवसभर हात सरळ सोडून बसत नाही. आरीचं काम, म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेलं भरतकाम असेल तर अर्ध्या इंचाऐवजी एक इंच सैल ठेवायला सांगा, मणी-जरदोसीचं कापड ताणत नाही. आणि वाकी घालणार असाल तर ती ट्रायलला घेऊन या. वाकी बाहीवर चढणार की बाहीच्या खाली येणार, हे ठरल्याशिवाय बाहीची लांबी ठरत नाही. हिरवा चुडा मनगटापासून बराच वर येतो, कोपराखालची बाही आणि चुडा एकमेकांत अडकतात, मणी तुटतात.

पाठीवर हजारोंचं आरीकाम करण्याआधी हेही विचारात घ्या की विधींच्या वेळी अंगावर शेला असतो. पाठ झाकलेली असते. काम करायचंच तर बाह्यांवर करा. रुंद खांद्याच्या मुलीनं शेला दोन्ही खांद्यांवर पसरून घेऊ नये, बारीक घडी घालून एकाच खांद्यावर घ्यावा.

दागिन्यांचं एवढंच: मान आखूड असेल तर चिंचपेटी नको. ठुशीही सैल, गळ्याच्या खळीत येईल अशी. त्यापेक्षा कोल्हापुरी साज, मोहनमाळ असं लांब घाला. मान लांब असेल तर चिंचपेटीसारखं शोभणारं दुसरं काही नाही.

नऊवारी

नऊवारी सगळ्यांना शोभते हे माझं प्रामाणिक मत आहे, पण नेसलेली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते अंगाप्रमाणे कुठेही कमी-जास्त घेता येतं. काष्ट्याचा काठ मागे उभा येतो, त्या उभ्या रेघेनं सीट आटोपशीर दिसते. शिवलेली नऊवारी सोयीची खरी, पण तिला माप चुकायला जागा नसते. शिवून घेणार असाल तर पाटावर मांडी घालून बसा आणि कंबरेपासून पाटापर्यंत मागून माप घ्यायला सांगा. उभ्यानं घेतलेल्या मापावर शिवली तर पहिल्यांदा खाली बसतानाच मागची शिवण उसवते. आणि येवल्याची हातमागाची पैठणी कृपा करून कापून शिवू नका. त्या विणकराचे महिने गेलेले असतात, आणि पुढे तुमच्या मुलीला ती नेसायची आहे.

हळदीला मात्र कुठलीही भारी साडी नको. आपली सांगलीची हळद, तिचा डाग साबण लावला की लाल होतो. घाबरू नका, साबण धुऊन काढून उन्हात टाकलं की बराचसा उडतो, पण उन्हात रेशमाचाही रंग उडतो. सुती साडी नेसा.

बारीक होण्याबद्दल

गेल्या मे महिन्यात तासगावकडची एक मुलगी आली. माप घेताना म्हणाली, "मावशी, दोन इंच कमी धरा, लग्नापर्यंत मी उतरवणार आहे." तीन आठवडे ती एक वेळ जेवत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, चहा-बिस्कीट दिलं आणि आहे त्या मापाचा ब्लाउज शिवला. होणाऱ्या मापाचा ब्लाउज मी कुणालाच शिवत नाही. आज जे अंग आहे त्यावर कापड बेतायचं हे माझं काम आहे, अंग कापडाएवढं करणं हे मुलीचं काम नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच मार्जिन ठेवते. शेवटच्या पंधरवड्यात धावपळीनं मुली जरा उतरतात, काही केळवणांनी भरतात, दोन्ही त्या मार्जिनमध्ये बसतं. तुमच्या शिंपीणबाईंना कात्री लावण्याआधीच मार्जिन सांगा. बस्त्याला बरोबर येणाऱ्या काकू-आत्यांनाही माझी विनंती आहे: मुलीच्या दंडावरून, रंगावरून दुकानात चार माणसांत बोलू नका. सावळ्या मुलीला गडद हिरवी किंवा वांगी रंगाची पैठणी घालून बघा, जरीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो. ते पेस्टल गुलाबीत होत नाही.

वेळ आणि ट्रायल

बस्ता लग्नाच्या दोन महिने आधी तरी बांधा. आरीकामाला तीन-चार आठवडे जातात आणि ते कापड न कापता, नुसतं मापानं आखून करावं लागतं, म्हणजे माप त्याच्याही आधी पक्कं हवं. अस्तर सुतीच घ्या, एप्रिल-मेच्या उन्हात साडेबाराच्या मुहूर्ताला नायलॉनचं अस्तर अंगाला चिकटतं. ते आदल्या रात्री भिजवून, वाळवून मगच कापायला लावा, नाहीतर पहिल्या धुण्यात ब्लाउज आत ओढला जातो. काखेत घामाची पॅड शिवून घ्या, रेशमावरचा घामाचा डाग निघत नाही.

दहा दिवस आधी ट्रायलला साडी, परकर, ब्रा, वाकी, चुड्याच्या चार बांगड्या, सगळं घेऊन जा. माझ्याकडे खोलीत एक पाट ठेवलेला असतो. मी मुलीला साडी नेसवून त्यावर बसवते, मांडी घालायला लावते, वाकायला लावते, मग खुंटीवरची टेपच हार म्हणून तिच्या हातात देते आणि सांगते, "मी उंच नवरदेव आहे, घाल हार." मी स्टुलावर चढते. कुठे काचतं, कुठे सुटतं ते तेव्हाच कळतं, आणि दुरुस्तीला दहा दिवस हातात असतात.

ब्लाउज नेताना पिशवीत मी एक डबी टाकते: ब्लाउजच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, डझनभर सेफ्टी पिना, दोन जादा हूक आणि उरलेल्या अस्तराची वीतभर पट्टी. ही डबी नवरीजवळ ठेवू नका, ती गर्दीत हरवते. करवलीच्या पर्समध्ये द्या, आणि तिला आदल्या रात्री एकदा हूक लावून दाखवायला सांगा.